बॅटरीची सायकल जंगलवाटेवर न्यायची तर परवानगी कशी काढावी

‘लायसन्स लागत नाही, कुठंही फिरवा.’ साताऱ्यात ई-सायकल घ्यायला गेलात की हे ऐकायला मिळतंच. त्यातला पहिला भाग बहुतेकदा खरा असतो, दुसरा साफ चुकीचा.

आधी सायकलचा कागद बघा. मोटर २५० वॉटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरला किंवा पॅडल थांबताच बंद होणारी, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत आणि चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र, एवढं असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ते मोटार वाहन नाही. बाहेरून मोठं मोटर-किट बसवलं असेल तर ती सायकल घरीच ठेवा.

मग वाट कोणाच्या हद्दीत येते ते विचारून घ्या.

खरी अडचण इथून पुढं. मोटार वाहन नाही म्हणजे जंगलात मोकळीक, असं आम्हीही धरून चाललो होतो. वनखात्यात फोन करून ‘सायकल चालेल का?’ विचारलं, हो म्हणाले. पहाटे चौघं गेटवर पोचलो. वनरक्षकानं बॅटरी पाहिली आणि परत पाठवलं. मी अर्धा तास आरटीओचा नियम वाचून दाखवला. पण बरोबर वनरक्षकच होता. कोयना अभयारण्य किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागतो आणि त्यात ‘वाहना’च्या व्याख्येत बैल, घोडा, गाढवसुद्धा येतात. तिथं २५० वॉटची सबब कोण ऐकणार? अभयारण्यातून जाणारा सार्वजनिक रस्ता सोडला, तर पायी जायलाही परवाना लागतो. ‘मोटर बंद करून ढकलत न्या’ हा सल्ला देणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका; ढकललं तरी वाहन ते वाहनच.

म्हणून वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जात ‘बॅटरी व मोटर असलेली सायकल’ असे शब्द हवेतच. वाटेचं नाव, तारीख, माणसं आणि सायकली किती, तेही लिहा. उत्तरही लेखीच घ्या. तोंडी होकार गेटवर उपयोगाचा नाही.

कासच्या सड्यावर, म्हणजे फुलांच्या पठारावर, तर परवानगी मागूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम, पावसाळ्यात त्यातच रोपं उगवतात. एका टायरच्या चाकोरीत किती चिरडली जातात ते मी वाकून पाहिलंय. सायकल डांबरी रस्त्यालगतच्या पार्किंगमध्ये लावा, पुढं पायी जा.

निघताना परवानगीच्या दोन छापील प्रती घ्या, कोयना जलाशयाकाठच्या बामणोलीच्या पुढं मोबाईलच्या भरवशावर राहू नका.