नाउरू स्टाईल मतदान आपल्या सोसायटीत कसं घ्यायचं

नाउरू म्हणजे पॅसिफिकमधला जेमतेम 21 चौरस किमीचा देश, आपल्या मुंबईत तसे बरेच मावतील, पण तिथली मतमोजणी भारी आहे म्हणून सांगतोय. संसदेत 19 खासदार, 8 मतदारसंघ, आणि मतदान सक्तीचं. मतपत्रिकेवर एकाच नावावर शिक्का नाही मारायचा, सगळ्या उमेदवारांना 1, 2, 3 असे नंबर द्यायचे, एकही सुटला की मत बाद.

आता मोजायचं कसं? पहिल्या नंबरला 1 पॉइंट, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला 0.333, चौथ्याला पाव, असं खाली खाली. 1971 पासून हेच चालू आहे, डाउडॉल नावाच्या अधिकाऱ्याने आणलं म्हणून त्याचंच नाव पडलं.

पिकनिकवर ट्राय करा. समजा 10 जण. माथेरानला 4 पहिले नंबर पण बाकी 6 जणांचा शेवटचा, म्हणजे 4 अधिक 2, झाले 6. अलिबागला 3 पहिले आणि 7 दुसरे, म्हणजे 6.5. लोणावळ्याचे 3 पहिले, 3 दुसरे, 4 तिसरे, साधारण 5.83. आपल्या नेहमीच्या पद्धतीने माथेरान जिंकलं असतं, इथे अलिबाग!

फक्त मोजायला कॅल्क्युलेटरवाला माणूस बसवा, आणि कागदावर नंबर रिपीट झालेत का ते आधीच बघा, नाहीतर जोशीकाका रात्री 11 पर्यंत रिकाउंट मागत बसतील.

बाय द वे, राष्ट्राध्यक्ष तिथे जनता नाही, निवडून आलेले खासदारच निवडतात.