कमी खर्चात रायफल अंगाला बसवून घेताना

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून नेमबाजी) प्रकारात कांस्यपदक मिळवले. कोल्हापुरात रायफल शिकणाऱ्या मुलामुलींनी साधनाच्या किमतीपेक्षा ते आपल्या अंगाला कसे बसते, याकडे आधी पाहावे, असे मला मनापासून वाटते.

४.५ मिमीचे छर्रे झाडणाऱ्या एअर रायफलचा दस्ता, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकणारा भाग, बहुधा प्रौढ माणसाच्या मापाचा असतो. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल सहज टेकू द्यावा आणि मग डोळे उघडावेत. मान न ताणता मागच्या साइटमधून (नेम धरण्याच्या खुणेतून) पुढची साइट मधोमध दिसली, तर गालाची उंची बरोबर आहे. ती कमी पडत असेल, तर चप्पल लाईन या कोल्हापुरी चपलांच्या बाजारातील कारागिरांकडून कातड्याचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे तुकडे घ्यावेत आणि एकेक थर दुतर्फी टेपने चिकटवून दरवेळी पुन्हा पाहावे. पक्का गोंद वापरू नये, कारण वाढत्या वयात माप बदलते. दस्त्याची लांबी कमी वाटल्यास दस्ता आणि बट प्लेट (खांद्याला टेकणारी टोकाची पट्टी) यांच्यामध्ये पातळ फळी बसवता येते. मात्र स्पर्धेपूर्वी एकूण वजन ५.५ किलोच्या आत असल्याची आणि इतर मापे नियमांत बसत असल्याची खात्री करावी.

उरलेले पैसे छर्‍यांवर खर्च करावेत. दोन-तीन प्रकारचे छर्रे टेकू देऊन झाडावेत आणि ज्याचे घाव एकमेकांच्या सर्वांत जवळ पडतील, तोच ठेवावा. नळी, स्प्रिंग आणि ट्रिगर यांना घरी हात लावू नये.