फ्लॅश स्टोरेजच्या ड्रायव्हरमध्ये क्वर्क लिहिताना या चुका टाळा

लॅपटॉप स्लीपमधून उठतो आणि लॉगमध्ये ओळ उमटते: एनव्हीएमई कंट्रोलर (पीसीआय बसवर जोडलेल्या एसएसडीचा नियंत्रक) बंद पडला आहे, रीसेट होईल. शेजारी स्टेटस रजिस्टरची किंमत, आणि तिचे ३२ च्या ३२ बिट १. इथे बरेच जण एसएसडीवर ठपका ठेवून क्वर्क लिहायला बसतात. पण ती किंमत कंट्रोलरने दिलेलीच नाही. पीसीआय बसवर उत्तर द्यायला कोणी नसलं की वाचणाऱ्याच्या हाती सगळे १ येतात. कळलं ते एवढंच, की डिव्हाइस बसवरून नाहीसं झालं. का झालं, ते अजून शोधायचं आहे.

लिनक्स कर्नलमधला क्वर्क म्हणजे ‘हे डिव्हाइस अमुक बाबतीत सांगतं तसं वागत नाही’ अशी नोंद. ती एकदा कर्नलमध्ये गेली की वर्षानुवर्षं राहते. शिवाय ओळख जुळणाऱ्या प्रत्येक डिव्हाइसला लागू होते, तुमच्या टेबलावर कधीच न आलेल्या डिव्हाइसलासुद्धा. म्हणून या चुकांबद्दल इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

पुराव्याआधी आरोप

२०१५ साली काही सर्व्हरवर फाइलींच्या मधोमध शून्यं सापडू लागली. सॅमसंगच्या एसएसडी आणि त्यांचा ट्रिम (हे ब्लॉक आता नकोत असं एसएसडीला सांगणारी कमांड) यांच्यावर संशय गेला, तशी चर्चाही खूप झाली. शेवटी सॅमसंगच्याच अभियंत्यांनी दोष शोधून काढला, आणि तो होता कर्नलमध्ये. सॉफ्टवेअर रेडच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) थरात डिस्कार्डची, म्हणजे ट्रिमची, विनंती तोडताना गफलत होत होती आणि ट्रिम भलत्याच ब्लॉकवर जात होता.

गंमत नाही, गुंता असा की त्याच ८४० आणि ८५० मालिकांसाठी रांगेतला (इतर कमांडांबरोबर रांगेत लावलेला) ट्रिम बंद ठेवणारा क्वर्क एटीए, म्हणजे साटा डिस्कच्या, ड्रायव्हरमध्ये आहे, आणि तो योग्य कारणासाठी आहे. एका डिव्हाइसचा एक दोष खरा असला म्हणून दुसरा आरोपही खरा ठरत नाही. त्यामुळे एकेक थर काढून पाहा: रेडशिवाय, एन्क्रिप्शनशिवाय, दुसऱ्या कंट्रोलरवर, आधीच्या कर्नलवर. आधीच्या कर्नलवर सगळं नीट चालत असेल तर क्वर्कच्या आधी बायसेक्ट करा, म्हणजे मधले बदल निम्मे-निम्मे करत दोष आणणारा बदल शोधा.

चुकीच्या खुणेवरून ओळख पटवणं

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. यूएसबी एन्क्लोजरचा (एसएसडी बसवायच्या बाहेरच्या डबीचा) व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी बहुधा आतल्या ब्रिज चिपचा (यूएसबी आणि एसएसडी जोडणाऱ्या चिपचा) असतो, एसएसडीचा नव्हे. एका एसएसडीच्या फर्मवेअरमधला दोष त्या आयडीवर नोंदवलात, तर तीच चिप वापरणारी सगळी एन्क्लोजर शिक्षा भोगतात. नोंदीत आवृत्तीची मर्यादा ०००० ते ९९९९, म्हणजे सगळ्याच आवृत्ती, अशी सर्रास टाकली जाते. उत्पादकाने पुढच्या आवृत्तीत दोष काढला, तरी नोंद मात्र चिकटून राहते.

उलट कधी आयडी पुरतच नाही. मॅक्रोनिक्सच्या एमएक्स२५एल२५६३५ या एसपीआय नॉर चिपचे (बोर्डावरच्या लहान फ्लॅश चिपचे) ई आणि एफ असे दोन प्रकार आहेत. जेडेक आयडी (चिपचा प्रमाणित ओळख क्रमांक) विचारला की दोन्ही तेच तीन बाइट सांगतात. पण चार बाइटच्या पत्त्यांसाठीचे स्वतंत्र ऑपकोड (कमांडचे क्रमांक) फक्त एफला कळतात. म्हणून ड्रायव्हर आयडीवर थांबत नाही, चिपमधला एसएफडीपी तक्ता (चिपने स्वतःच्या क्षमता नोंदवलेला) वाचतो. ४-४-४ पद्धतीचं (कमांड, पत्ता आणि डेटा तिन्ही चार तारांवरून) वाचन जमतं असं त्यात लिहिलेलं असेल तरच ती एफ धरली जाते. ओळख पटवण्याचं इतकं नेटकं उदाहरण क्वचित सापडतं.

दोष डिव्हाइसचा एकट्याचा नसेल, तर ओळखही एकट्याची नको. सॅमसंगची ९६० ईव्हो असुसच्या काही ठरावीक मदरबोर्डवर बसवरून गळून पडत होती. एनव्हीएमई ड्रायव्हर तिथे पीसीआय आयडीबरोबर डीएमआयमधलं (बायोसने दिलेल्या मशीनच्या माहितीमधलं) बोर्डाचं नावही तपासतो आणि दोन्ही जुळले तरच कंट्रोलरची आपोआप होणारी वीजबचत थांबवतो. बाकी बोर्डांवर तीच एसएसडी वीज वाचवत राहते.

आणखी एक सापळा एकच नग तपासणाऱ्याला दिसत नाही. काही स्वस्त एनव्हीएमई एसएसडींचा ‘जगात एकमेव’ म्हणवणारा नेमस्पेस आयडी (एसएसडीतल्या साठवणीच्या भागाचा ओळख क्रमांक) प्रत्येक नगात सारखाच असतो. दोन नग एका मशीनमध्ये लावले की आयडींची टक्कर होते. यासाठीही वेगळा क्वर्क आहे, पण तो लिहायच्या आधी दोन नग एकदम लावून खात्री करा.

सुईच्या कामाला कुऱ्हाड

खोल झोपेतून कंट्रोलर जागा होत नसेल, तर सगळी वीजबचत बंद करायची गरज नाही. फक्त सर्वांत खालची अवस्था वगळणारा क्वर्क उपलब्ध आहे. डेल एक्सपीएस १५ ९५५० वरच्या एका सॅमसंग एसएसडीसाठी तोच वापरला आहे. यूएसबीतही तसंच: यूएएस (यूएसबी डिस्कसाठीची वेगवान पद्धत) पूर्ण बंद करण्याआधी एका विनंतीत जाणारे सेक्टर कमी करून पाहा, किंवा अडखळवणारी एखादी चौकशीची कमांडच टाळून पाहा.

यासाठी दरवेळी कर्नल बांधायला नको. यूएसबी स्टोरेजच्या ‘क्वर्क्स’ पॅरामीटरमध्ये दोन्ही आयडी आणि कोणते क्वर्क लावायचे ते सांगणाऱ्या ध्वजांची अक्षरं देता येतात. एनव्हीएमईत झोपेच्या विलंबाची मर्यादा शून्य केली की आपोआप होणारी वीजबचत थांबते. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदल काढल्यावर दोष परत येतो का तेही पाहा. ही दुसरी पायरी बरेच जण गाळतात.

जाळं मुद्दाम मोठं टाकावं अशी वेळ एकच, डेटा कायमचा जाण्याची. सॅमसंगच्या काही मूव्हीनँड (ईएमएमसी प्रकारच्या, बोर्डावरच जोडलेल्या) स्टोरेज चिपमध्ये सिक्युअर इरेज किंवा सिक्युअर ट्रिम चालवलं की फर्मवेअरमधल्या दोषामुळे परत न मिळणारी हानी होऊ शकते. कर्नलने त्या चिप नावानिशी यादीत घातल्या. तरीही बंद केल्या त्या ‘सिक्युअर’ कमांडच, साधं इरेज चालूच ठेवलं.

उशिरा लागणारा क्वर्क

क्षमता वाचून झाल्या, रांगा तयार झाल्या, आणि मग क्वर्कचा बिट लागला, तर तो असून नसल्यासारखा. ईएमएमसीमध्ये काही क्वर्क कार्डाच्या सीआयडीवरून (ओळखीच्या रजिस्टरवरून) ठरतात, काही एक्सटेंडेड सीएसडी (क्षमतांचं रजिस्टर) वाचल्यावर. आपला कोणत्या टप्प्यात लागतो आणि ती क्षमता त्याआधीच कुठे वापरली गेली का, हे कोडमध्ये शोधा.

यूएसबी पेनड्राइव्हमधली एकाने चुकणारी क्षमताही इथेच बसते. शेवटच्या सेक्टरचा क्रमांक सांगायचा, तिथे काही डिव्हाइस सेक्टरांची संख्या सांगतात. जीपीटीची (पार्टिशनच्या तक्त्याची) डिस्कच्या शेवटी ठेवलेली प्रत शोधायला कर्नल तो नसलेला सेक्टर वाचायला जातो आणि पेनड्राइव्ह गोठतो. दुरुस्ती त्या वाचनाआधीच लागायला हवी.

फक्त रीबूट करून तपासणं

तीन बाइटच्या पत्त्यात १६ एमबीच मावतात. मोठी नॉर चिप चार बाइटच्या मोडमध्ये टाकली आणि रीसेटची तार चिपपर्यंत पोहोचतच नसली, तर प्रोसेसर नव्याने सुरू होतो, चिप मात्र जुन्या मोडमध्येच राहते. बूट रॉम (प्रोसेसरमधला सर्वांत आधी चालणारा कोड) पत्त्याचे तीन बाइट पाठवतो, चिप चौथ्याची वाट पाहते, आणि बोर्ड उठत नाही. वीज काढून लावली की मात्र बिनतक्रार चालतो. म्हणूनच हा दोष दिवसचे दिवस चकवतो.

डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनात) ‘ब्रोकन फ्लॅश रीसेट’ हा गुणधर्म असेल, तर रीबूट कमांड दिली की ड्रायव्हर जाता जाता चिपला तीन बाइटच्या मोडवर परत आणतो, त्यामुळे चाचणी हमखास पास होते. पॅनिक झाला (कर्नल कोसळला) किंवा वॉचडॉगने (ठरावीक वेळात खूण मिळाली नाही तर बोर्ड रीसेट करणाऱ्या टायमरने) मान धरली, तर ते करायला कोणी उरत नाही. म्हणजे तो गुणधर्मही यातून सोडवत नाही, आणि कर्नल लॉगमध्ये तसा इशाराही देतो. चिपला चार बाइटचे स्वतंत्र ऑपकोड येत असतील तर तेच वापरा, कारण त्यांना मोड बदलावाच लागत नाही. चाचणी घेताना वॉचडॉग सुरू करा, त्याला खायला देणारा प्रोग्राम मारून टाका आणि बोर्ड आपोआप उठतो का ते पाहा.