ब्रेक ऑइल गळतंय? या चुका टाळा

ब्रेकचा लाल दिवा लागतो, बॉनेट उघडल्यावर टाकीतलं ऑइल खालच्या खुणेच्याही खाली दिसतं, मग बाटली आणून टाकी भरली जाते. दिवा विझतो आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. ब्रेकच्या बाबतीत सगळ्यात घातक चूक हीच.

ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, तसं ब्रेक ऑइल जळत नाही. ते कमी होण्याची कारणं दोनच: पॅड झिजलेत किंवा कुठून तरी गळतंय. पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची वाढलेली जागा ऑइल भरून काढतं. ही घट कित्येक महिन्यांत, अगदी सावकाश होते. भरलेली टाकी आठवड्याभरात पुन्हा उतरली, तर ती गळतीच समजा.

‘ब्रेक लागतोय ना, मग चालू दे’ ही दुसरी चूक. गाडीत ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटं, म्हणजे ऑइलचे वेगळे मार्ग, असतात, त्यामुळे एक रिकामं झालं तरी दुसरं गाडी थांबवतं. पण तेव्हा पेडल खोल जातं आणि गाडी थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. मागे मुलं बसलेली असताना हा धोका का पत्करायचा? पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल किंवा मऊ लागत असेल, तर गॅरेजपर्यंतसुद्धा गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

गळती शोधताना घाई होते आणि चुकीचा पार्ट बदलला जातो. आधी डाग ओळखा. एसीचं पाणीही गाडीखाली टपकतं, पण ते बुळबुळीत नसतं. शंका असेल तर डागातला थेंब पाण्यात टाका: ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, इंजिन ऑइल वर तरंगतं. मग चारही चाकांच्या आतल्या बाजू, रबरी होज, लोखंडी पाइप आणि त्यांचे जोड टॉर्चने बघा. ड्रम ब्रेक असेल तर व्हील सिलिंडरचं (ड्रममधले शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) रबरी टोपण हळूच उचला. आत ऑइल साचलं असेल तर सील गेलेलं आहे.

सगळीकडे कोरडं आहे आणि तरी पातळी उतरतेय, अशा वेळी माणूस चक्रावतो. दोन जागा हमखास नजरेतून सुटतात. पहिली, मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या मुख्य सिलिंडरचं, मागचं सील. ते गेलं की ऑइल थेट बूस्टरमध्ये (पेडलचा जोर वाढवणारा डबा) जातं, जमिनीवर थेंबही पडत नाही. दुसरी जागा क्लचची. बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक क्लच ब्रेकच्याच टाकीतलं ऑइल वापरतो, म्हणून क्लच पेडलच्या मागे आणि त्याखालच्या मॅटवर हात फिरवून बघा.

एक साधी चाचणीही करा. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबा आणि तसंच धरून ठेवा. ते हळूहळू खाली गेलं तर कुठे तरी बाहेर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतली सीलं दाब धरत नाहीत. पेडल खाली गेलं नाही, म्हणून गळती नाही असं मात्र समजू नका. बारीक पाझर या चाचणीत कळत नाही.

आता दुरुस्ती. जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळणं किंवा बाहेरून एपॉक्सी लावणं हा उपाय नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर आतला दाब इतका वाढतो की असले लेप टिकत नाहीत. होज आणि कॅलिपरच्या जोडात तांब्याचे वॉशर असतात. एकदा आवळले की ते जोडाच्या आकारात दबतात, म्हणून जोड उघडला की वॉशर नवेच घाला. गंजलेला पाइप मधेच कापून कॉम्प्रेशन जोड लावू नका, फ्लेअर केलेला, म्हणजे टोकं पसरवलेला, पूर्ण पाइप बदला. काम करताना कॅलिपर होजवर लटकत ठेवू नका, तारेने बांधून ठेवा.

ऑइलने भिजलेले शू किंवा पॅड घासून-पुसून परत बसवले जातात, याची मला फार काळजी वाटते. लायनरमध्ये, म्हणजे त्यांच्यावरच्या घासणाऱ्या थरात, ऑइल मुरलेलं असतं. तापल्यावर ते वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. शू, पॅड नेहमी दोन्ही चाकांचे जोडीने बदला. सफाईला पेट्रोल, रॉकेल नको, त्यांनी रबरी सीलं फुगतात. ब्रेक क्लीनर वापरा. टाकीत चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल पडलं तरी सीलांचं हेच होतं, मग ऑइल लागलेली जवळपास सगळी रबरं बदलावी लागतात.

टाकीच्या झाकणावर लिहिलेला डॉट नंबर (ब्रेक ऑइलचा प्रकार) पाहूनच ऑइल घ्या. ‘डॉट ५’ सिलिकॉनचं असतं, ते ३, ४ किंवा ५.१ मध्ये मिसळू नका. वर्षापूर्वी उघडलेली बाटलीही वापरू नका. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या ‘डॉट ४’चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की १५५ अंशांचीच खात्री उरते. घाटात ब्रेक तापल्यावर ऑइलला उकळी फुटली की वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

जोड उघडला की यंत्रणेत हवा शिरते. ती हवा काढताना टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात गंज असतो, तो सीलं फाडतो. एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावूनच ती निघते. तिथे घरचे प्रयत्न थांबवा आणि गाडी मेकॅनिककडे सोपवा.

काम झाल्यावर इंजिन सुरू करून पेडल काही वेळ जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याला प्रत्येक जोड बघायला सांगा. मग मोकळ्या जागी, कमी वेगात ब्रेक लावून पाहा. टाकीवर पातळीची खूण करा आणि पुढचे काही दिवस रोज सकाळी, गाडी काढण्याआधी ती तपासा.