डिपस्टिकवरची रेघ वर सरकली तर

दोन हंगामांपूर्वी मी भेटेल त्याला फुशारकीने सांगायचो, "माझं इंजिन थेंबभर ऑइल खात नाही." बोटीचं दोन सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन, त्याने थोडंफार खायलाच हवं. पण डिपस्टिकवरची, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरची, रेघ जागची हलत नव्हती. जेवढं ऑइल जळत होतं तेवढं डिझेल इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये झिरपत होतं. मला अक्कल आली ती रेघ वरच्या खुणेच्याही बोटभर वर गेल्यावर.

असं दिसलं तर इंजिन सुरू करू नका. "जरा फिरवून बघतो" हेही नको. डिझेल मिसळलं की ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगवर त्याचा थर टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे चेंबर फार भरलं तर ते ऑइल ब्रीदरमधून (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) हवेच्या वाटेत शिरतं आणि इंजिन तेच जाळत रेस होत जातं. मग स्टॉपची वायर ओढा की टाकीचा कॉक बंद करा, ते ऐकत नाही. हवेचं तोंडच फळीने दाबून बंद करावं लागतं. हाताने नव्हे.

आधी मिसळलंय काय ते ठरवा. पाणी असेल तर ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसतं. डिझेल असेल तर काळंच राहतं, नुसतं पातळ होतं. नाकावर फार भरवसा ठेवू नका, जुन्या इंजिनाच्या ऑइलला डिझेलचा वास तसाही येतो. मी टिश्यू पेपरवर डिपस्टिकचा एक थेंब आणि शेजारी नव्या ऑइलचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवला. सकाळी नवा थेंब आटोपशीर होता. दुसऱ्याच्या काळ्या ठिपक्याभोवती फिकट, ओलसर कडं दूरवर पसरलेलं. (इंजिन पेट्रोलचं असेल तर त्याची वाफ जड असते, बोटीच्या तळाशी साचते. आधी सगळं उघडून हवा खेळू द्या, कुठलंही बटण दाबू नका.)

आता गळती शोधा. ती न शोधता ऑइल बदलणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. संशयित नेहमीचेच: फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) पडदा, थेंब सोडणारा नोझल, इंजेक्शन पंपाचं सील, आणि काही इंजिनांत टॅपेट कव्हरखालून जाणारा रिटर्न पाइप. मी फीड पंपापासून सुरुवात केली, कारण दोनच बोल्ट काढायचे होते. पंप बाकावर धरला, आत येणारी नळी डिझेलच्या बाटलीत सोडली, बाहेर जाणारी दुसऱ्या बाटलीत आणि अंगठ्याने लिव्हर मारत बसलो. विसाव्या-पंचविसाव्या दाबाला लिव्हरच्या मुळाशी एक थेंब फुगला आणि माझ्या मनगटावरून ओघळला. पडद्याला केसाएवढी चीर होती.

ऑइल काढायला तळाचा बोल्ट बहुतेक बोटींत हाताला येतच नाही. डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढा. एरवी आधी इंजिन गरम करतात, इथे गरज नाही, ते मुळातच पाण्यासारखं झालेलं असतं. बाहेर आलेलं मोजा. माझ्या साडेतीन लिटरच्या चेंबरमधून सव्वाचार निघालं. हे सगळं बंद डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्यांकडे द्या, तळात सांडू देऊ नका. बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप ते थेट बाहेरच्या पाण्यात फेकतो.

नवा फिल्टर लावा आणि मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, पण स्वस्तातलं ऑइल भरा. हे धुण्यापुरतं. आत डिझेल ओतून धुवा, असा सल्ला मला दोघांनी दिला. जे बाहेर काढायला एवढी खटपट केली तेच पुन्हा आत?

डिझेलच्या लाइनमधली हवा काढून झाली की स्टॉप ओढून धरा आणि प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं क्रँक करा. त्या वेळी इंजिन थंड करायला येणाऱ्या बाहेरच्या पाण्याचा कॉक बंद हवा, नाहीतर एक्झॉस्टमध्ये साचलेलं पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं. इंजिन पेटल्याबरोबर तो उघडा. मी आठवणीसाठी चावीला चिंधी बांधतो. लोड न देता दहा-पंधरा मिनिटं चालवा, गरम असतानाच ऑइल ओढून काढा, फिल्टर पुन्हा बदला आणि मग खरं ऑइल भरा. प्रेशर कमी वाटतं म्हणून जाड ग्रेड घालू नका. गरम इंजिनात नव्या ऑइलवरही प्रेशर चढत नसेल तर बेअरिंग उघडून बघायला हवीत.

पुढे पहिल्या तासाला, मग पाचव्या आणि दहाव्या तासाला डिपस्टिक बघा. बोट सपाट उभी असताना, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. पंचवीस तासांनी मी ऑइल आणखी एकदा बदललं. एवढ्या लवकर बदलायची गरज नव्हती असं म्हणणारे भेटतील. टिश्यूवरचा थेंब त्या वेळी आटोपशीर होता, आणि रेघ केसभर खाली आली होती.