जैवविविधतेचा अभ्यास करताना या चुका टाळा

परिसंस्थाशास्त्रातील शोधनिबंधांचे परीक्षण करताना आणि नवोदितांचे अहवाल तपासताना त्याच त्या चुका वर्षानुवर्षे समोर येतात. संगणकावर काही मिनिटांत सांख्यिकी प्रारूपे (मॉडेल) तयार होऊ लागल्यापासून त्यांचे प्रमाण वाढले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विश्लेषणाला लागणारा वेळ कमी झाला, पण हाती असलेली नोंद कोणी, केव्हा आणि कशी केली हे विचारण्याचा धीर त्याहूनही कमी झाला.

नोंद नाही म्हणजे प्रजातीच नाही, असे मानणे

ही चूक सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग आहे. समजा, ओढ्याकाठी राहणारा एखादा बेडूक एका भेटीत आढळण्याची शक्यता ३० टक्के आहे. अशा वेळी तीन स्वतंत्र भेटींनंतरही तो एकदाही न आढळण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के उरते, म्हणजे बेडूक असलेल्या दर तीन ओढ्यांपैकी साधारण एक ओढा तक्त्यात रिकामा म्हणून जातो. आठ भेटी दिल्या तर हेच प्रमाण ६ टक्क्यांच्या आत येते. डॅरिल मॅकेंझी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एकाच ठिकाणच्या पुनःपुन्हा दिलेल्या भेटींवरून प्रजाती तेथे असण्याची आणि असून आढळण्याची शक्यता वेगवेगळी काढता येते. इतकी वर्षे ही पद्धत उपलब्ध असूनही एका भेटीवर निष्कर्ष काढणारे अहवाल थांबलेले नाहीत.

असाच एक मसुदा माझ्याकडे परीक्षणासाठी आला होता. दहा वर्षांत एक बेडूक निम्म्याहून अधिक ओढ्यांतून नाहीसा झाला, असा त्याचा निष्कर्ष होता आणि आलेख तर अतिशय देखणे होते. मी मूळ नोंदपत्रे मागवली. जुन्या पत्रांवर प्रत्येक नोंदीसमोर रात्रीची वेळ, पावसाची स्थिती आणि ऐकू आलेल्या आवाजांची संख्या होती. नव्या पत्रांवर वेळेचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा होता आणि एका पानाच्या कोपऱ्यात तेवढे ‘सकाळी ९ ते ११’ असे पेन्सिलीने लिहिलेले होते. तारखा पाहिल्या तर सगळ्या कोरड्या महिन्यांतल्या निघाल्या. नर फक्त पावसाळ्यात रात्री ओरडतात अशा प्रजातीचा शोध भर कोरड्या दिवसांत सकाळी घेतला गेला होता. रात्री पुन्हा जाण्याची माझी सूचना त्या चमूला रुचली नाही, कारण निधीची मुदत संपत आली होती. पुढच्या पावसात ते गेले, तेव्हा नाहीसा ठरवलेला बेडूक बहुतेक ओढ्यांवर ओरडत होता.

शोधाची शक्यताच शून्य असेल, तर कोणतेही प्रारूप ती उणीव भरून काढत नाही, हे घाई करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. माझी सवय अशी आहे की नोंदपत्रावर प्रजातीचे नाव लिहिण्यापूर्वी सुरुवातीची वेळ, हवामान आणि निरीक्षक या तीन गोष्टी लिहायच्या, आणि काहीच न दिसलेल्या भेटीचेही पत्र तितक्याच काळजीने भरायचे. प्राण्यांच्या अंगावरून पाण्यात मिसळलेला डीएनए तपासणाऱ्यांसाठी याच चुकीची दुसरी बाजू आहे: वाहत्या पाण्यात डीएनए बराच दूरवरून येऊ शकतो, त्यामुळे तो सापडला म्हणजे प्राणी त्याच जागी राहतो असे ठरत नाही.

उतरवून घेतलेला डेटा तसाच प्रारूपात घालणे

जीबीआयएफ या जगभरातील प्रजातींच्या नोंदींच्या खुल्या संग्रहात आज दोन अब्जांहून अधिक नोंदी आहेत आणि ही मोठीच देणगी आहे. पण त्यांतील निम्म्याहून अधिक नोंदी पक्ष्यांच्या आहेत, आणि निरीक्षक रस्ते, शहरे व प्रसिद्ध अभयारण्ये यांच्या आसपास अधिक फिरतात; म्हणून नकाशावरचा दाट ठिपका कित्येकदा जैवविविधतेपेक्षा माणसांची वर्दळच दाखवतो. त्यात अक्षांश आणि रेखांश दोन्ही शून्य असलेल्या, संग्रहालयाच्याच पत्त्यावर पडलेल्या किंवा देशाच्या मध्यबिंदूवर टाकलेल्या नोंदी मिसळलेल्या असतात. अशा नोंदी हुडकण्यासाठी ‘कोऑर्डिनेटक्लीनर’सारखी साधने आहेत, ती जरूर वापरावीत, परंतु मी प्रथम सर्व नोंदी अक्षांशानुसार लावून डोळ्यांनी वाचतो. तोच आकडा ओळीमागून ओळ येऊ लागला की मूळ नमुन्याची चिठ्ठी पाहतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते विद्यार्थ्याने स्वतः केलेच पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

लिव्हिंग प्लॅनेट निर्देशांक चुकीचा वाचणे

हा निर्देशांक देणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेच्या २०२४ च्या अहवालातील ७३ टक्के घट म्हणजे १९७० पासून जगातील ७३ टक्के वन्यप्राणी मेले, असे वाक्य अजूनही सर्रास लिहिले जाते. हा आकडा निरीक्षणाखालील पृष्ठवंशी प्राण्यांच्या समूहांतील १९७० ते २०२० या काळातील सरासरी सापेक्ष बदलाचा आहे. एका समूहात १००० प्राणी होते आणि तेवढेच राहिले, दुसऱ्यात १० होते आणि १ उरला, तर गुणोत्तर सरासरीने (दोन्ही समूहांत उरलेल्या प्रमाणांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून) घट सुमारे ६८ टक्के येते. प्रत्यक्षात १०१० पैकी ९ प्राणी कमी झालेले असतात. ब्रायन लियुंग आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले की ३ टक्क्यांहूनही कमी समूहांतील तीव्र घसरण या निर्देशांकाला खाली खेचते. याचा अर्थ संकट खोटे आहे असा मुळीच नाही. तो लहान समूह खरोखरच संपत आला आहे, आणि पैसा व मनुष्यबळ कोठे लावायचे ते सरसकट आकड्यातून कळत नाही. मी एकत्रित आकडा उद्धृत करण्याआधी प्रदेशवार आणि गटवार आकडे शेजारी लिहून घेतो.

काही चुकांना एकेक ओळ पुरेशी आहे. एकाच जंगलात वीस चौकोन आखले म्हणजे वीस जंगलांचा अभ्यास होत नाही. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्येच हे बजावले होते. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत ‘अपुरी माहिती’ असा शेरा असलेली प्रजाती सुरक्षित समजू नये. आणि नैसर्गिक गवताळ प्रदेशाला उजाड जमीन मानून तेथे झाडे लावण्याला पुनरुज्जीवन म्हणू नये, कारण त्याने माळरानावरचेच जीव बेघर होतात.

दुर्मिळ प्रजातीचे नेमके ठिकाण जाहीर करणे

खुल्या विज्ञानाच्या उत्साहात ही चूक होते आणि ती दुरुस्त करता येत नाही. आग्नेय चीनमधील गोनियुरोसॉरस लुई या पालीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी तिची इतकी पकड झाली की मूळ ठिकाणाहून ती नामशेष झाली. २०१५ मध्ये त्याच वंशातील दोन नव्या प्रजातींचे वर्णन करताना संशोधकांनी ठिकाणाचा तपशील छापलाच नाही, आणि मला तो निर्णय पूर्णपणे योग्य वाटतो. ज्या प्रजातीला बाजार आहे तिचे अक्षांश-रेखांश मी दशांशानंतर एकाच अंकापर्यंत प्रसिद्ध करतो, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरची संदिग्धता राहते. नेमके आकडे संरक्षणाची जबाबदारी असलेल्या यंत्रणेकडे स्वतंत्रपणे सोपवतो. मसुद्यासोबतच्या छायाचित्रांतही जागेची माहिती दडलेली असते, म्हणून ती पाठवण्यापूर्वी प्रत्येक फाइल उघडून ती माहिती काढून टाकतो.