हरणाच्या शिंगातून काटेरी टोक कसं काढायचं

हरणाचं फाटे फुटलेलं शिंग म्हणजे हाडच. दरवर्षी गळतं, पुन्हा येतं. बाहेरून घट्ट कवच, आत भुसभुशीत गाभा, आणि तंतू लांबीच्या दिशेने धावणारे. म्हणून शिंग आडवं तोडून, फोडून भाल्याला लावायचं चांगलं टोक मिळत नाही. लांबट पट्टी उचकटूनच काढावी लागते. इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या स्टार कार इथे सुमारे ११,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत १९०हून अधिक काटेरी टोकं सापडली, ती याच पद्धतीची.

कायद्याने चालत असेल तरच, ताजं गळलेलं शिंग घ्या. उन्हात पांढरं पडून तडकलेलं नको. मुख्य दांडा सरळ हवा. निदान तीन-चार दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, नाहीतर कुजका वास सुटतो. उकळायच्या फंदात पडू नका. फार उकळलं की शिंगातला चिवटपणाच जातो.

आता दांड्यावर सव्वा सेंटिमीटर अंतराने दोन समांतर रेघा आखा, लांबी १५ ते २० सेंटिमीटर, दोन्ही टोकांना एकमेकींना मिळणाऱ्या. छिन्नीसारख्या टोकाच्या चकमकीच्या दगडाने, म्हणजे ब्युरिनने, रेघेवरून हलक्या हाताने ओढत राहा. सुरुवातीला जोर लावलात तर दगड घसरून भलतीकडे ओरखडा उमटतो. चर नीट बसला की जोर वाढवा, मध्ये मध्ये पाणी शिंपडा. तोंड रुंद ठेवा. अरुंद चरात दगड अडकतो आणि त्याचं टोक मोडतं. दगडाखाली एकदम मऊ लागलं की गाभा आला.

सगळ्यात जास्त पट्ट्या इथेच मोडतात: चर मधे खोल असतो, टोकांशी उथळ राहतो, आणि पाचर घातली की पट्टी नेमकी तिथेच तुटते. टोकं तपासल्याशिवाय पाचर घालू नका. पाचरही शिंगाचीच घ्या, आणि दोन्ही बाजूंनी थोडी थोडी सरकवा.

पट्टीचा गाभा खरवडून काढा. ओली असतानाच एका कडेला तिरके काप देऊन काटे सोडा. काप अर्ध्या रुंदीपलीकडे गेला तर टोक तिथेच दुबळं होतं. बुडखा पातळ करा, म्हणजे भाल्याच्या दांड्याला बांधता येईल. वजनाखाली सावलीत वाळवा, उन्हात पट्टी वाकते.

उरलेल्या फाट्यांनी चकमकीच्या धारेवरचे बारीक छिलके दाबून काढता येतात, बुडाच्या गाठीचा हातोडा होतो.